तिसऱ्या हाकेची जागा

तो स्पीकर बंद कर, अभय. रागावत नाही मी. गाणं मलाही आवडतं, तुझ्या वयाचा होतो तेव्हा तर ह्या गाण्यापायी दोनदा बापाचा मार खाल्लाय. पण रात्री दहाच्या पुढं लावायचं असेल, तर दुसरं कडवं झालं की बंद करायचं. का, ते सांगतो. गच्चीचं दार लोटून घ्या, वारं गार सुटलंय. आणि एक गोष्ट. एरवी सांगणाऱ्याला हुंकारा लागतो, पण आज कुणी हुंकारा देऊ नका. नुसतं ऐका.

पलीकडच्या गल्लीतला संघपाल तुम्हाला माहीत आहे. कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झाला, सकाळी कुंड्यांना पाणी घालत असतो तो. तुम्ही पोरं त्याला बहिरा म्हणता. मागून हाक मारली तर वळत नाही, खांद्याला हात लावावा लागतो. पोरांनो, त्याचे कान तुमच्यापेक्षा तिखट आहेत. तो ओ देत नाही, इतकंच. पूर्वी असा नव्हता. हे सगळं त्यानंच मला सांगितलं, ह्याच गच्चीवर. खोटं बोलणारा माणूस नाही तो, आणि खोटं बोलून त्याला मिळणार तरी काय होतं?

दोन हजार चोवीस सालचा डिसेंबर, नऊ तारीख, सोमवार. दुपारी चारच्या सुमाराला संघपाल मोटारसायकलवर पैठणच्या बाजूला निघाला. काम अगदी साधं होतं. पारूबाईंकडे जायचं, चहा घ्यायचा, आणि त्यांच्या आवाजात दोन शब्द मोबाईलवर रेकॉर्ड करून आणायचे.

दोनच शब्द. ‘आलेच, थांबा.’

हे गाणं तुम्ही आज मोबाईलवर ऐकता. आमच्या वेळी ते चौऱ्याऐंशी साली कॅसेटवर आलं. अप्पाराव आणि पारूबाई, नवराबायको, पैठणच्या अलीकडच्या एका खेड्यातले. गाण्यात आहे काय? नवरा फाटकापाशी उभा आहे, फाट्यावर एसटी येऊन थांबलीय, आणि बायकोचं आवरत नाही. तो हाक मारतो, ‘येतीस का गं, पारू?’ ती म्हणते, ‘बांगड्या भरते, आलेच, थांबा.’ पुन्हा हाक. ‘वेणी घालते, आलेच, थांबा.’ मग तिसरी हाक. आणि तिसऱ्या हाकेला पारूबाई गप्प बसायच्या. पेटी गप्प, ढोलकी गप्प. अप्पाराव माईक पुढं धरायचा, आणि समोरचं सगळं पब्लिक ओ द्यायचं, ‘आलेच, थांबा!’ मिशीवाले गडीसुद्धा बाईच्या आवाजात ओरडायचे. ओ आल्याशिवाय अप्पाराव पुढचं कडवं घ्यायचाच नाही. एकदा एका गावात लोक लाजले, तर पठ्ठ्या पाच मिनिटं तसाच उभा राहिला.

कॅसेट भरताना कंपनीवाला म्हणाला, ही मधली शांतता कापू या, लोकांना वाटेल टेप अडकली. अप्पाराव म्हणाला, ती जागा माझी नाही, ऐकणाऱ्याची आहे. म्हणून कॅसेटवर तिथं काहीच नाही. सात मात्रा नुसत्या रिकाम्या. आणि मराठवाड्यात घराघरांत त्या सात मात्रांत लोक आपापल्या चुलीपाशी बसून ओ द्यायचे. भाकरी थापणारी बाई द्यायची, दाढी करणारा बाप द्यायचा. आम्हाला सवयच लागली होती. कॅसेट कुठंही वाजत असो, तोंड आपोआप उघडायचं.

संघपाल तर त्यातला अट्टल. एकोणीस वर्षांचा असताना सायकल मारत फर्दापूरला गेला होता कार्यक्रमाला, शंभर किलोमीटर. तिथं तिसऱ्या हाकेला सगळ्यांनी ओ दिली, आणि बायकांच्या बाजूनं एका पोरीची ओ एकटीच मागाहून आली. सगळा मांडव हसला. ती पोर म्हणजे त्याची गीताबाई. गाण्यानं बायको मिळवून दिली म्हटल्यावर माणूस त्या गाण्याचा भक्त होणार नाही तर काय होईल? त्यानं व्हॉट्सअपवर ग्रुप काढला, त्यात अडीचशे माणसं. ढोलकीवर कोण होतं यावरून तिथं रोज भांडणं. गाण्याला चाळीस वर्षं झाली म्हणून बावीस डिसेंबरला बजाजनगरात कार्यक्रम ठरला. पारूबाई येऊ शकत नव्हत्या, म्हणून निदान त्यांचा आवाज.

येऊ शकत नव्हत्या कारण त्यांना चालता येत नव्हतं. शहाण्णव साली, अशाच डिसेंबरात, कार्यक्रम करून येताना त्यांच्या गावच्या फाट्यावर जीप उलटली. अप्पाराव गेला. पारूबाई कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यानंतर त्यांनी गाणं सोडलं.

संघपाल पोचला तेव्हा दिवस मावळत होता. फाट्यापासून घर अर्धा किलोमीटर आत. वाटेवर पाइपलाइनसाठी खोदलं होतं, कुठंतरी पाइप फुटून सगळी काळी माती पाण्यानं भरली होती. गाडी ढकलत न्यावी लागली. दारात पारूबाईंची नात करुणा उभी होती. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीनं वाढवलेली पोरगी. पैठणला नर्स म्हणून कामाला.

“जय भीम, काका. चिखलात लई हाल झाले ना?”

पारूबाई आत खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. केस पांढरे, आवाज मात्र तोच. संघपाल पाया पडायला वाकला तर म्हणाल्या, “पाया नको पडू. ते पाय काही कामाचे नाय.” आणि स्वतःच हसल्या.

मग गप्पा रंगल्या. संघपालनं फर्दापूरची गोष्ट सांगितली, मागाहून आलेल्या ओची. पारूबाईंना ती आठवत होती. “ती पोर तुमची बायको झाली व्हय? अप्पाराव स्टेजवरून मला म्हनले होते, बग, एक जण माझ्यासाठी मागं थांबलं.” त्या किती वेळ हसत होत्या. करुणानं पिठलं-भाकरी केली. मार्चमध्ये करुणाचं लग्न होतं. पारूबाईंनी खाटेखालून एक खोका काढायला लावला. त्यात नवी कोरी चप्पल, तपकिरी, तळव्याला दुकानाचं पांढरं लेबल तसंच.

“करुणानं घेतली माझ्यासाठी. चालता येत नाय म्हून काय नातीच्या लग्नात अनवाणी बसू?”

जेवणं झाल्यावर संघपालनं मोबाईल काढला आणि कामाचं बोलला. पारूबाईंचा चेहरा एकदम उतरला.

“दुसरं काहीबी म्हन. सगळं गानं म्हनते. ते दोन शब्द नाय म्हननार.”

“का हो, ताई? त्याच शब्दांसाठी लोक जीव टाकतात.”

त्यांनी करुणाला भांडी घासायला बाहेर पाठवलं. मग म्हणाल्या, “जीप उलटली तवा मी खाली अडकलेली. अप्पाराव पलीकडं पडलेले, अंधारात दिसत नव्हते. त्यांनी हाक मारली. येतीस का गं, पारू. मला दातखीळ बसलेली. दुसरी हाक मारली. मग तिसरी. मला ओ देता आली नाय. तिसरीनंतर ते गप झाले.”

संघपालनं मोबाईल खिशात ठेवून दिला.

“आपल्यात भूतबीत मानत नाय. मीबी मानत नाय. म्हून मी त्याला भूत म्हनत नाय. पन रोज रात्री पावणेदोनला हाक येते. फाट्यावरनं निघते. तीन हाका. मी पदर तोंडात धरून बसते. ओ दिली की जावं लागंल, हे मला ठाऊक हाय. मला जायाला काय, अठ्ठावीस वर्षं झाली, मी तयारच हाय. पन ह्या पोरीला कुनी नाय. तिचं लगीन होऊ दे. मार्चच्या सोळा तारखेला रात्री मी स्वतः ओ देनार. तवर नाय.”

मग त्यांनी त्याचा हात धरला. “वाट खराब हाय, रात्री जाऊ नको, पडवीत नीज. पन हाक आली तर ओ देऊ नको. कान झाकून घे. माझी शपथ हाय.”

संघपालनं शपथ घेतली. मनात म्हणाला, म्हातारं माणूस, एकटेपणा, दुसरं काय.

पडवीत खाट टाकली होती. मधलं दार उघडंच होतं, म्हातारीला रात्री काही लागलं तर ऐकू यावं म्हणून. आत झिरोचा बल्ब. करुणा खाली सतरंजीवर झोपली, दिवसभर दवाखान्यात उभी असलेली पोर, पडल्या पडल्या घोरायला लागली. बाहेर अर्धा चंद्र होता. संघपालनं मोबाईलवर ग्रुप पाहिला, तेवीस मेसेज, सगळे एकच विचारत होते, आवाज मिळाला का? त्यानं मोबाईल उशाला ठेवला. एकच्या सुमाराला चंद्र मावळला आणि त्याचा डोळा लागला.

जाग कशानं आली ते त्याला कळलं नाही. मोबाईल पाहिला. एक चव्वेचाळीस.

रात्रभर भुंकणारी कुत्री गप्प होती. फुटक्या पाइपचं पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज.

मग तोही थांबला.

फाट्याच्या बाजूनं, लांबून...

“येतीस का गं, पारू?”

संघपाल उठून बसला. कुणाच्या मोबाईलवर वाजतंय असं आधी वाटलं. पण कॅसेटवरचा आवाज त्याला पाठ होता, त्यातली खरखरसुद्धा. हा आवाज उघड्या रानातून येत होता. माणसाच्या गळ्यातला. थोडा दमलेला.

त्यानं आत पाहिलं. पारूबाई ताठ बसल्या होत्या. पदराचा बोळा तोंडात. डोळे त्याच्यावर.

वेळ गेला. किती, सांगता येत नाही.

“येतीस का गं, पारू?”

आता वाटेवरून. चिखलापाशी. पण चिखलात पाऊल पडल्याचा आवाज नाही.

संघपालनं कान झाकायला हात उचलले. खरंच उचलले, हे तो मला दोनदा म्हणाला. पण हात कानापर्यंत गेलेच नाहीत. अठ्ठावीस वर्षांनी तो आवाज ऐकत होता तो. भीती होती. आणि भीतीच्या खाली आनंद होता. त्याची लाज त्याला अजून वाटते.

पारूबाई मान हलवत होत्या. नको. नको.

तिसरी हाक फाटकापाशी आली.

“येतीस का गं... पारू?”

आणि शांतता.

तीच जागा. सात मात्रांची.

त्याच्या छातीत मात्रा आपोआप पडू लागल्या. एक. दोन. फाटकापाशी काही दिसत नव्हतं. तीन. पण कुणीतरी उभं होतं. माईक पुढं धरून उभं राहावं, तसं. चार. त्या घरात कुणी ओ देणार नव्हतं. गेली अठ्ठावीस वर्षं, रोज, कुणी दिली नव्हती. पाच. अप्पाराव उभा आहे, आणि पब्लिक गप्प आहे...

सहा.

संघपालला ते सहन झालं नाही.

“आलेच, थांबा.”

त्याच्याच तोंडून आलं ते. फार मोठ्यानं नाही. बाईच्या आवाजात, सवयीप्रमाणे.

काहीच झालं नाही. करुणाचं घोरणं तसंच चालू. मग फाटकाच्या पलीकडं पेटीचा एक सूर निघाला. एकच. आणि गाण्याचं शेवटचं कडवं, हळू, जसं कुणी चालता चालता गुणगुणतं.

‘येष्टी गेली तर जाऊ दे गं,
पायी पायी जाऊ दोघं.’

संघपालनं आत पाहिलं. पारूबाईंच्या तोंडातून पदर गळून पडला होता. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो.

“पब्लिकनं ओ दिली, बाबा,” त्या म्हणाल्या. “आता माझ्या हातात काय ऱ्हायलं?”

“ताई... चुकलं माझं... ताई...”

“पोरीला जागं करू नको.” त्यांनी खाली झोपलेल्या करुणाकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “तिच्या लग्नात तू उभा ऱ्हा. माझ्या जागी.”

“ऱ्हातो.”

“आता तोंड तिकडं कर. मला उठायचंय.”

संघपालनं तोंड भिंतीकडं केलं.

खाट करकरली.

एकदा.

मग काही नाही. पाइपचं पाणी पुन्हा वाहू लागलं. लांब कुठंतरी एक कुत्रं भुंकलं, मग सगळी भुंकू लागली. त्याला वळायचं धाडस झालं नाही. करुणाच्या मोबाईलचा पाचचा गजर वाजला, तेव्हा तो वळला. पारूबाई खाटेवर सरळ निजल्या होत्या, पांघरूण गळ्यापर्यंत नीट ओढलेलं. करुणानं कपाळाला हात लावला आणि ती नर्स असल्यानं तिला लगेच कळलं.

गावानं म्हटलं, झोपेत गेली, पुण्यवान बाई. डॉक्टरही तेच म्हणाला. बावीस तारखेचा कार्यक्रम शोकसभा झाला. आठशे माणसं आली होती, मीही होतो. कॅसेट लावली. तिसरी हाक आली आणि आठशे माणसांतून कुणाच्या तोंडून ओ निघाली नाही. सगळे रडत होते. सात मात्रा तशाच गेल्या, आणि संघपाल माझ्या शेजारी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता.

त्यानं करुणाला तिसऱ्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. लपवणारा माणूस नाही तो. पोरगी म्हणाली, “आजी रोज रात्री पदर तोंडात धरून बसायची. मला माहीत होतं, काका. मी झोपेचं सोंग घ्यायचे. त्याच रातीला खरी झोप लागली.” ती रडली. आणि म्हणाली, “तुमचा राग आलाय मला. लई आलाय. पन लग्नाला या.”

सोळा मार्चला पैठणला लग्न झालं. संघपाल आणि गीताबाई मुलीकडचे म्हणून उभे राहिले. वऱ्हाडाला पाणी द्यायचं, रुसलेल्यांना जेवायला बसवायचं, सगळं त्यानं केलं. ऊन असं की मांडवाचे लोखंडी खांब हाताला चटके देत होते. मी त्याच्याबरोबर गेलो होतो, म्हणून पुढचं सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

निघताना करुणा त्याच्याजवळ आली. हातात प्लास्टिकची पिशवी, गाठ मारलेली.

“आजीला आंघोळ घालायच्या आधी खाटेखाली बघितलं, तवा खोक्यात हे असं होतं. कुनाला दाखवलं नाय. त्याच दिवशी गाठ मारली ती आज सोडली नाय. सासरी नेऊ नाय वाटत. तुमची अमानत समजा.”

ती गाडीत बसून गेली. आम्ही दोघं मांडवामागं, लिंबाच्या झाडाखाली उभे राहिलो. संघपालच्या हाताला गाठ सुटेना, मी सोडली. आत ती तपकिरी चप्पल होती. दोन्ही तळव्यांना काळी माती, बोटभर जाड, आणि मातीखाली ते दुकानाचं लेबल झिजून निम्मं उरलेलं. जणू कुणी रात्रभर चाललं होतं.

डिसेंबरपासून तीन महिने उलटून गेले होते. घरात, पिशवीत, वर असं ऊन. संघपालनं मातीला बोट लावलं, आणि ते बोट माझ्यासमोर धरलं.

माती ओली होती.